काटा जागचा हलला नाही

दुपारी पावणेतीनला मी हवेचा पंप दोनदाच दाबला. मापकाचा काटा शंभरावर चढला आणि तिथेच ठाण मांडून बसला. दाजी घड्याळ धरून माझ्या मागे उभे होते. वीस मिनिटं झाली, तरी काटा जागचा हलला नाही.

"वा, मेहुणे!" दाजी म्हणाले. "तुमच्या हातचं काहीतरी गळत नाही, हे आज पहिल्यांदा पाहिलं."

हा माणूस माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा, म्हणून मी अकरा वर्षं ऐकून घेतोय. धंद्यात नवा असताना मी त्यांच्याकडे एक नळ बसवला आणि तो टिपकला. तेव्हापासून घरात पाहुणा आला की चहाच्या आधी त्या नळाची गोष्ट येते. आज मात्र त्यांनी अख्ख्या घराला ऐकू जाईल अशी शाबासकी दिली. खोटं कशाला बोलू, माझी छाती फुगली.

घाई तर होतीच. भाची बाळंत झाली होती आणि पाच वाजता चार दिवसांचं बाळ घेऊन दवाखान्यातून इथेच यायची होती. जुना बॉयलर मोडीत निघालेला. नवा मी न्हाणीघरात लावला आणि मीटरपासून तिथपर्यंत गॅसची नवी नळी टाकली: अंगणाच्या भिंतीवरून, स्वयंपाकघरातल्या कपाटामागून, मग वर. गॅस सोडण्याआधी नळीत हवा कोंडायची आणि काट्यावर नजर ठेवायची. काटा उतरला तर कुठेतरी गळतंय. शेंबड्या पोरालाही कळावं इतकं सोपं.

ताईने चहा दिला. मी खिडकीशी बसलो आणि समोर अंगणाची भिंत दिसली. सकाळभर सावलीत असलेल्या नळीवर चांगलं चटका देणारं ऊन आलं होतं, आणि नुकतं नव्हे, मघापासूनच.

ऊन लागलं की आतली हवा तापते आणि काटा थोडा तरी वर सरकतो. माझा सरकला नव्हता. तो उतरला नाही हे सगळ्यांनी पाहिलं. चढलाही नाही, हे बघणं माझं काम होतं. आणि एवढी लांब नळी पंपाच्या दोन दाबांत भरली कशी?

बॉयलरच्या खाली नळी बंद करायची एक चावी असते. तिच्या पलीकडे, बॉयलरच्या बाजूला पंप आणि मापक जोडताना मी ती बंद केली होती आणि उघडायची राहिली होती. म्हणजे वीस मिनिटं आम्ही वीतभर नळी तपासत बसलो होतो. बाकीच्या नळीत हवा गेलीच नव्हती.

आत दाजी फोनवर कुणाला तरी सांगत होते, "मेहुण्यानेच केलं. नाही हो, या वेळी नाही गळलं!" मी पाय हलवत बसलो. उठलो, पुन्हा बसलो. सांधे माझेच आहेत, मी स्वतःला म्हणालो, असे हजार सांधे केलेत, एक तरी गळला का? उगाच कशाला आपल्या हाताने आपलं हसं करून घ्यायचं? कप रिकामा झाला.

"अरे, पेटव ना," ताई म्हणाली. "पाणी तापायला वेळ लागेल. बाळ येईल आता."

मी मीटरपाशी गेलो. तिथल्या गॅसच्या चावीवर हात ठेवला. मग काढून घेतला.

"दाजी," मी ओरडलो, "मघाशी तपासलं ते सगळं फुकट. पुन्हा करायला हवं."

या वेळी बॉयलरखालची चावी उघडून पंप मारला. हात दुखेपर्यंत मारावा लागला. काटा शंभरावर गेला आणि आमच्या डोळ्यांदेखत उतरू लागला. साबणाचं पाणी घेऊन मी एकेक सांधा बघत निघालो. कपाट ओढलं, तर मागच्या कोपऱ्यातल्या सांध्यावर फेस फुगत होता. तो सांधा मी नुसता हाताने फिरवून ठेवला होता. सकाळी तिथेच दाजींनी शेजाऱ्याला नळाची गोष्ट सांगितली, मी पाना टाकून भांडायला उठलो आणि परत आलो तो पुढच्या सांध्याशी. दाजींनाही आठवलं असावं. त्यांची मान खाली गेली.

सांधा उघडला, पुसला, नवा लेप लावून पान्याने आवळला. पुन्हा हवा भरली. दाजी मापकासमोर स्टूल टाकून बसले आणि पापणी हलवेनात. भाचीची गाडी आली तेव्हा जागेवरूनच ओरडले, "आत येऊ नका! शेजाऱ्यांकडे बसा!"

सहा वाजता बॉयलर पेटला. दाजी येईल त्याला सांगत सुटले, "आपणहून कबूल केलं हो त्याने! असा कारागीर मिळायचा नाही."

ताई बाळाला कुशीत घेऊन माझ्याशेजारी उभी राहिली. हळूच म्हणाली, "तुला कळलं कधी?"

तिच्याशी मला खोटं बोलता येत नाही. "चहा पिताना."

"म्हणजे मी पेटव म्हटलं त्याच्या आधी? तरी मीटरपाशी गेलास?"

मी मान डोलावली. मग बाळाला घ्यायला हात पुढे केले.

"थांब जरा," ती म्हणाली, आणि बाळ दाजींकडे दिलं.