उंदीर मारायची बंदूक

बायकोच्या, हेल्मीच्या रायफलीला आर्वो गेली कित्येक वर्षं ‘उंदीर मारायची बंदूक’ म्हणत आला होता. टू-फॉर्टी-थ्री कॅलिबर, एवढीशी बारीक गोळी आणि खांद्याला बसणारा दणका नावापुरता. त्याची स्वतःची थर्टी-ऑट-सिक्स होती, बापाकडून आलेली. हरणाला हीच, बाकी सगळी खेळणी, हे मत कुणी विचारो न विचारो, तो ऐकवायचा. हेल्मी त्याच खेळण्यानं दर नोव्हेंबरात एका गोळीत एक हरीण आणायची आणि वर चकार शब्द काढायची नाही. ते त्याला जास्त झोंबायचं.

मागच्या मोसमात मात्र आर्वोची गोळी हरणाच्या पोटात बसली. रक्ताचा माग दलदलीपर्यंत गेला आणि पाण्यात नाहीसा झाला. नवरा-बायको अंधार पडेपर्यंत चिखल तुडवत होती. हरीण सापडलं ते दुसऱ्या दिवशी, कावळे घिरट्या घालताना दिसले तेव्हा. बिचारं रात्रभर जिवंत असणार, हे त्याच्याभोवतीची उकरलेली माती बघून कळत होतं.

शिकारीच्या झोपडीत एक रिवाज होता. ज्याची गोळी चुकली, त्याच्या शर्टाचं मागचं टोक कापून भिंतीला ठोकायचं आणि जेवणभर त्याची टर उडवायची. शेजारचा तोइवो त्यासाठी कात्री घेऊन टपलेलाच असायचा. त्या दिवशी त्यानं कात्री काढली नाही. चुकलेल्या गोळीला हसतात. तडफडत सोडलेल्या जनावराला काय हसायचं? भिंतीवर आर्वोच्या शर्टाचा तुकडा कधीच नव्हता, आणि आता तिथं असता तर बरं, असं त्याला वाटून गेलं.

या वर्षी पानं गळायला लागली तसा तो बंदुकांच्या दुकानातून माहितीपत्रक घेऊन आला.

“थ्री-हंड्रेड मॅग्नम घेतो,” तो म्हणाला. “कुठंही लागू दे, जागच्या जागी आडवं.”

हेल्मी पुल्लाचं, गोड पावाचं पीठ मळत होती. “पोटात लागलेली मोठी गोळी पोटातच लागते, आर्वो.”

“तुला काय कळतंय त्यातलं? उंदीर मारतेस तू.”

“बरं बाबा. आधी आहे ती चालवून दाखव. चल खाणीवर.”

खडीच्या जुन्या खाणीत त्यांनी पुठ्ठा लावला. हेल्मीनं कोटाच्या खिशात हात घालून काडतुसं चाचपली, एक निवडून आर्वोच्या रायफलीत भरलं आणि रायफल त्याच्या हातात दिली. आर्वोनं नेम धरला, चाप ओढला. बार झालाच नाही, नुसता खट आवाज आला. पण नळी सपकन खाली गेली होती आणि त्याचे डोळे गच्च मिटलेले होते.

“आधीच उडालेलं, रिकामं काडतूस भरलं होतं मी,” हेल्मी म्हणाली.

“दगाबाज बाई!”

“असेन. खांद्याचं ऑपरेशन झाल्यापासून तू दणक्याला भितोस. कॅलिबर कमी पडत नाहीये रे.”

त्याचा संताप झाला. मग लाज वाटली, आणि ती रागाहून वाईट होती. पुन्हा एखादं जनावर तसं मरायला सोडायचं, नाहीतर जंगलच सोडायचं, एवढंच त्याला समोर दिसत होतं.

“माझी घे,” ती म्हणाली.

“आणि तू?”

“मला थंडी सोसत नाही आता. कॉफी घेऊन शेजारी बसेन.”

ते त्याला पटलं, कारण पटवून घेणं सोयीचं होतं.

मोसमाच्या पहिल्या सकाळी तोइवो झोपडीच्या दारातून ओरडला, “उंदीर दिसला तर हाक मार रे!” आर्वोनं त्याला हातानंच उडवून लावलं. दोघं झाडांच्या आडोशाला जाऊन बसली. बर्फ ताजं होतं. हेल्मीची रायफल त्याच्या लांब हातांना आखूड पडत होती, पण खांदा गप्प होता.

बऱ्याच वेळानं शिंगांचा एक मोठा नर अगदी समोर आला. रायफलीवरच्या दुर्बिणीत त्याचा श्वासही दिसत होता. आर्वोनं डोळे उघडे ठेवले, चाप ओढला आणि हरीण कोसळताना पाहिलं. त्यानं पायही झाडले नाहीत. आर्वोच्या छातीवरचं वर्षभराचं ओझं उतरलं. तो हसत बायकोकडे वळला.

हेल्मी सरळ समोर बघत होती. तिनं त्याची बाही पकडली.

“पडलं का रे?”

हरीण उघड्यावर पांढऱ्या बर्फात पडलं होतं. घराच्या ओसरीवरून लाकडांची रास दिसावी, इतकं जवळ. आर्वोचं हसू विरलं.

“हेल्मी, कधीपासून?”

“उन्हाळ्यापासून. मधोमध नुसतं धुकं. कडेकडेनं दिसतं थोडं.”

“मला सांगितलं नाहीस?”

“सांगितलं असतं तर माझ्यासाठी म्हणून तूही घरी बसला असतास. आणि ते पोटात गोळी लागलेलं हरीणच शेवटचं राहिलं असतं तुझ्या डोक्यात.”

त्यानं तिचा हात धरून तिला हरणापाशी नेलं, गुडघ्यांवर बसवलं आणि तिची बोटं खांद्यामागच्या बारीक भोकावर टेकवली.

“इथं लागली. याला कळलंसुद्धा नसेल.”

तिनं जखम चाचपली, गरम मानेवरून हात फिरवला, मग शिंगांचं एकेक टोक बोटांनी मोजत वरपर्यंत गेली.

“बराच मोठा उंदीर आहे की,” ती म्हणाली.

आर्वो बर्फात बसून हुंदके देऊन रडला. हेल्मीनं त्याला रडू दिलं, एक हात हरणावर ठेवून.