भाची, भाडे नाही

मला एक कागद हवा होता. तळहाताएवढी पावती. ही बाई या पत्त्यावर राहते, घरमालकिणीने तशी खबर दिली आहे, खाली शिक्का आणि तारीख. बँकॉकमध्ये परदेशी माणसाला खोली दिली की मालकाने चोवीस तासांत सरकारला कळवायचं असतं. उबोनमावशींच्या खोलीत मला तीन वर्षं झाली होती आणि त्यांचे चोवीस तास अजून संपले नव्हते.

पहिली दोन वर्षं, मी शिकवायचे त्या शाळेने जुन्या वसतिगृहाचा पत्ता लावून वेळ मारून नेली. यंदा ते बंद झालं. शाळेच्या कार्यालयातल्या पिमने मला बोलावून दार लावून घेतलं.

"नेन, शुक्रवारी तुझा व्हिसा संपतोय. राहत्या घराची पावती नसेल तर तो वाढवून मिळणार नाही. आणि व्हिसा नसेल तर सोमवारी मी तुला वर्गात उभं करू शकत नाही."

"मालकीण देते म्हणालीय."

"कधी?"

"तीन आठवड्यांपूर्वी."

पिम हसली नाही. "ती देणार नाही बाई. पावती झाली की भाडं दिसतं, भाडं दिसलं की कर भरावा लागतो. माझी सख्खी आत्या हेच करते, म्हणून सांगते."

मला हे कळायला पिमची गरज लागावी याचाच राग आला. बारा मजल्यांच्या त्या इमारतीत सगळ्यांना ते ठाऊक असणार. पाचव्या मजल्यावरच्या जर्मन म्हाताऱ्याने पहिल्या दिवशीच लेखी करार मागितला होता आणि पावतीही वसूल केली होती. मी काय केलं होतं? मी आंबे नेऊन दिले होते.

फिलिपिन्समधल्या आमच्या इलोइलोत भाजीवाली ताई असते, शेजारीण मावशी असते आणि बसचा ड्रायव्हर दादा असतो. नातं लावल्याशिवाय आम्हाला चिमूटभर मीठसुद्धा मागता येत नाही. त्यामुळे परक्या शहरात, घामाने चिंब होऊन खोल्या पाहत फिरत असताना एका बाईने दार उघडून "ये पोरी, आधी पाणी पी" म्हटलं, तिथेच मी पाघळले. थाई माणसंही सगळ्यांना नात्यानेच हाक मारतात, हे मला माहीत होतं. तरी मला वाटलं, माझ्या बाबतीत ते खरं आहे.

"नाव काय तुझं?" उबोनमावशींनी विचारलं होतं.

"नेन."

त्या पोट धरून हसल्या होत्या. "अगं, नेन म्हणजे देवळातला मुंडण केलेला छोटा भिक्खू. बाईमाणसाला शोभतं का ते? मी तुला नोई म्हणेन."

नोई म्हणजे छोटी. तेव्हापासून त्या इमारतीत मी नोई झाले. करार करू का विचारलं तर म्हणाल्या, "घरच्या माणसांत कसला ग करार?" मी लाजून गप्प बसले, जसं काही मीच अपमान केला होता.

मग मी घरचं माणूस झाले. म्हणजे कशी? मावशी सातव्या मजल्यावर राहायच्या, मी चौथ्या. त्यांच्याकडे माझ्या खोलीची किल्ली होती आणि ती त्या वापरायच्या. मी शाळेतून यायचे तर फ्रीजमधल्या वस्तू हललेल्या असायच्या. मी सुकी मासळी तळली की खाली येऊन म्हणायच्या, "पोरी, लोक तक्रार करतात." स्वतः त्या रोज सकाळी मासळी तळायच्या. त्यांच्या मासळीला सुगंध होता, माझ्या मासळीला वास होता. जर्मनीतल्या त्यांच्या जावयाला इंग्रजीत पत्रं मी लिहायची. आणि दर शनिवारी त्यांच्या आईला, आमच्या आजीला, पायाच्या व्यायामासाठी दवाखान्यात मी न्यायचे. आजीबद्दल माझी तक्रार नव्हती. आजी टोपी घालून चाकाच्या खुर्चीत बसायची, वाटेत चिकट भात विकत घ्यायला लावायची आणि अर्धा मला द्यायची. पण शनिवार माझा होता, आणि तो मावशींनी कधी मागितलाही नव्हता. तो त्यांनी गृहीत धरला होता.

आणि आता एक सही मागितली तर बाईसाहेबांना सवड नव्हती. एका सोमवारी सण होता. मग मंगळवार त्यांच्या पत्रिकेत वाईट निघाला. मग त्या चार दिवस कुठल्याशा मठात फोन बंद करून ध्यानाला बसल्या. ध्यान कसलं, दडी मारली होती. परत आल्यावर पांढऱ्या कपड्यांत, शांत चेहऱ्याने मला म्हणाल्या, "पोरी, तू फार घाई करतेस. मन थंड ठेवावं."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पण माझ्या तोंडून निघालं, "हो मावशी."

गुरुवारी सकाळी मी सुट्टी टाकली, सातव्या मजल्यावर गेले आणि त्यांच्या सोफ्यावर बसून राहिले. बोलले काहीच नाही. चहा दिला, घेतला नाही. पपई दिली, खाल्ली नाही. तासाभराने त्यांनाच अवघडल्यासारखं झालं. आत जाऊन एक पाकीट घेऊन आल्या. "चल. तुझ्यासाठी मी काय काय करते बघ." टॅक्सीत त्यांनी माझा हात हातात घेतला होता आणि मला, देवाशपथ, रडू येणार होतं. वाटलं, उगाच त्या बाईवर राग धरला.

परदेशी लोकांच्या नोंदीच्या कचेरीत आमचा नंबर यायला दोन तास होते. मावशी फोनवर कुणाचं तरी लग्न बघत बसल्या. मी पाकीट उघडलं. त्यांच्या ओळखपत्राची नक्कल, घराच्या सरकारी नोंदीच्या निळ्या पुस्तिकेची नक्कल. इथे कुठल्याही नकलेवर दोन तिरप्या रेघा मारून ती कशासाठी दिली ते कागदाचा मालक स्वतःच्या हाताने लिहितो आणि सही करतो, म्हणजे तो कागद दुसरीकडे कुणी वापरू शकत नाही. मला थाई फाडफाड बोलता येतं, पण वाचताना मी अजून पहिलीतली. त्या लिपीत शब्दांमध्ये जागा सोडत नाहीत. मी बोट ठेवून एकेक अक्षर लावत गेले. "फक्त माझ्या लानच्या राहण्यासाठी. भाडे घेत नाही."

पुन्हा वाचलं. तेच होतं. लान म्हणजे नात्यातली पोर.

"मावशी, हे काय लिहिलंय?"

त्यांनी फोनवरून मान न उचलता म्हटलं, "घरचं माणूसच आहेस की तू. खोटं काय त्यात?"

"मी भाडं देते."

"हळू बोल." मग गोड आवाजात, "कागदावर काय लिहायचं ते मोठ्या माणसांवर सोडावं. तुला पावती मिळाल्याशी कारण."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. करार नाही, आणि आता त्यांच्याच अक्षरात, सहीनिशी लिहिलेलं की ही बाई इथे फुकट राहते. उद्या त्यांनी माझी ट्रंक जिन्यात ठेवली तर मी कुणाला काय दाखवणार? पाहुणीला बाहेर काढायला कुणाची परवानगी लागते? बरं, पाकीट फाडून टाकावं तर उद्या शुक्रवार. तेवढ्यात आमचा नंबर लागला.

खिडकीमागे चष्मा लावलेले एक साहेब होते. दिवसभर कागद बघून कंटाळलेले. त्यांनी नक्कल उजेडात धरली.

"लान लिहिलंय. म्हणजे नात की भाची?"

थाईत दोघींना एकच शब्द आहे. मावशी हसल्या. "साहेब, आमच्यात असा फरक करत नाहीत."

"आमच्या रकान्यात करतात."

"मग भाची लिहा. बहिणीची मुलगी."

साहेबांनी माझा पासपोर्ट पाहिला, मग मला पाहिलं. "बहीण फिलिपिन्सची का?"

"मानलेली बहीण हो."

"नाव काय तिचं?"

"कुणाचं?"

"बहिणीचं."

मावशींनी पदर असता तर सावरला असता, अशा चेहऱ्याने ओढणी नीट केली. साहेबांनी पेन रकान्यावर टेकवलं. मग म्हणाले, "राहू द्या. भाचीचं पूर्ण नाव सांगा."

"नोई."

"पासपोर्टात नोई कुठे दिसत नाही मला."

"ते घरचं नाव आहे ना." मावशी माझ्याकडे वळल्या, माझ्या मनगटावर हात ठेवला आणि शेजारच्या रांगेला ऐकू जाईल अशा लाडाने म्हणाल्या, "सांग ग पोरी, साहेबांना तुझं नाव. लाजते फार."

तीन वर्षं. छत्तीस महिने त्यांच्या खात्यात माझ्या नावाने पैसे गेले होते. त्यांच्या जावयाच्या मांजराचं नाव मला माहीत होतं. त्यांच्या आईच्या कुठल्या गुडघ्याला हात लावायचा नाही ते मला माहीत होतं. आणि या बाईने माझं नाव एकदाही वाचलं नव्हतं.

"मारिया नेनिता मॅगबानुआ सोलिवा," मी म्हटलं. "मॅगबानुआ आईचं आडनाव. आमच्याकडे ते मधे लावतात. आईचं नाव रेमेडियोस. तिला बहीण नाही."

मनगटावरची बोटं आवळली.

साहेबांनी पेन खाली ठेवलं. "तुम्ही भाडं देता का?"

नुसती मान हलवायची होती. नाही म्हटलं की शिक्का, की घरी, की मावशी वाटेत भाजलेली कोंबडी घेऊन देणार आणि शनिवारी आजी खाली टोपी घालून बसणार. सगळं होतं तसं राहणार. त्या हाताचा दाब मला तेच सांगत होता. शेजारच्या रांगेतली माणसं आता उघडच आमच्याकडे बघत होती, आणि इथे चारचौघांत मोठ्या माणसाला खोटं पाडण्याइतकं वाईट दुसरं काही नाही. ते मला चांगलं माहीत होतं. मला तेव्हा तेच करायचं होतं.

"देते," मी म्हटलं. "दर महिन्याच्या एक तारखेला. फोनमध्ये सगळ्या नोंदी आहेत. दाखवू?"

"नको," साहेब म्हणाले. त्यांना काही घाईही नव्हती आणि नवलही नव्हतं. नक्कल त्यांनी मावशींच्या पुढे सरकवली. "खाली झेरॉक्सवाला आहे. नवीन नक्कल काढा, खरं लिहा, सही करा. कळवायला उशीर झाला त्याचा दंड तुमच्या नावे लागेल. न कळवता गेलात तर त्याहून जास्त लागेल. पुढचा नंबर."

मावशी जिना उतरताना माझ्याकडे पाहत नव्हत्या. झेरॉक्सच्या टेबलापाशी मी पेन पुढे केलं. त्यांनी स्वतःच्या पर्समधलं काढलं. "फक्त भाडेकरूच्या राहण्यासाठी" एवढं लिहिताना त्यांनी पेन इतकं दाबलं की कागद एका ठिकाणी फाटला. मग वर जाऊन त्यांनी दंड भरला आणि साहेबांना हसून नमस्कारही केला. मला पावती मिळाली. मी ती पुन्हा पुन्हा वाचली, बोट ठेवून, एकेक अक्षर.

परतताना त्या टॅक्सीत पुढे बसल्या. इमारतीच्या दारात उतरल्यावर पहिल्यांदा बोलल्या.

"मी तुला पोटच्या पोरीसारखं वागवलं."

"पोटच्या पोरीचं नाव माहीत असतं हो मावशी."

"फार शिकलीस तू. महिनाअखेर खोली रिकामी कर. माझी खरी भाची यायची आहे."

खरी भाची म्हणताना त्यांना काही वाटलं नाही. मला वाटलं. मी लिफ्टमध्ये त्यांच्याबरोबर न जाता जिन्याने चौथ्या मजल्यावर गेले आणि पायऱ्यांवर मोठमोठ्याने शिव्या दिल्या, माझ्या भाषेत, म्हणजे मन भरून देता आल्या.

शुक्रवारी व्हिसा वाढला. पिमने मला शाळेच्या फाटकात मिठी मारली आणि लगेच दोन रिकाम्या खोल्यांचे फोन नंबर दिले. मला एक वर्ष मिळालं होतं, आणि पावतीवरचा पत्ता तीन आठवड्यांनी माझा राहणार नव्हता. नव्या मालकाकडून तीच पावती पुन्हा मागायची होती. ठीक होतं. आता मला मागता येत होतं.

शनिवारी सकाळी आठला फोन वाजला.

"नोई, आई खाली येऊन बसलीय. उशीर होतोय बघ दवाखान्याला." आवाज नेहमीसारखा. गुरुवार घडलाच नव्हता. राग नाही, माफी नाही. घरच्या पोरीला हाक मारावी तशी हाक.

मी म्हटलं, "मावशी, भाडेकरू कुणाच्या आईला दवाखान्यात नेत नाहीत."

"आजीवर राग काढतेस?"

"आजीवर नाही."

"मग ये ना. म्हातारीने काय घोडं मारलंय तुझं?"

त्यांचं हे एक बरोबर होतं, आणि त्याचाच मला सगळ्यात जास्त राग आला. कारण मी उतरले असते तर मावशींचं सगळंच बरोबर ठरलं असतं. लिहिलेलं ते, न लिहिलेलं ते, आणि माझे सगळे शनिवार. मी फोन ठेवला. स्वयंपाकाच्या ओट्यावर खोकी उघडी होती. मी ताटल्या वर्तमानपत्रात गुंडाळायला घेतल्या. खाली आजी टोपी घालून बसली होती आणि लिफ्टच्या दाराकडे बघत होती, हे मला चौथ्या मजल्यावरून न पाहताही दिसत होतं. नऊ वाजले. साडेनऊ वाजले. मी गेले नाही.