समुद्रकाठची थप्पड

इंदूरची आमची मिल बंद पडली आणि माझा धाकटा भाऊ सुगत गोव्याला हॉटेलात वेटर झाला. तिथं एका पिक्चरचं शूटिंग होतं, त्यातही त्याला वेटरच केलं. पिक्चरमधली ती समुद्रकाठची जवान पोरं दिवसभर नाचतात, कामधंदा कुणालाच नाही, आणि सरबत सांडलं म्हणून हीरो सुगतच्या कानाखाली वाजवतो. खरोखर वाजवली होती, भिया! आणि इंदूरची पब्लिक खदाखदा हसली. आमच्याच मिलची पोरं!

पण टॉकीजमध्ये पिक्चरचं मशीन मी चालवतो. मी रिळातून ती थप्पड कापून टाकली. पुढे हिरॉइन हीरोला थोबाडीत मारते, तिथं पडद्यावर नुसता हात आणि हीरोचा गाल दिसतो. तो तुकडा काढून सुगतच्या चेहऱ्यानंतर लगेच चिकटवला.

दुसऱ्या दिवशी सुगतनं हीरोला हाणली! पब्लिकनं शिट्ट्या मारत पडद्यावर चिल्लर उधळली. त्या हातातल्या बांगड्या कुणालाच दिसल्या नाहीत.

शो सुटल्यावर आई जिना चढून मशीनपाशी आली.

"बांगड्या दिसल्या मला," ती म्हणाली. "तो हात माझाच समज."