चुडामणची मस्ती

मी एक जुना बैल आहे. बुऱ्हाणपूरजवळ, तापीच्या काठी, सुकलालच्या गोठ्यात माझं सारं आयुष्य गेलं. जात निमाडी, अंग तांबडं, म्हणून नाव लाल्या. आता दात पडले, कडबा चाववत नाही, आणि माणसं माझ्या तोंडावर "याले आता कायले पोसता?" असं खुशाल विचारतात. बैलाला कान असतात हे कुणाच्या ध्यानातच राहत नाही! असो. माझं रडगाणं मला गायचं नाही, मित्रांनो. मला सुकलालच्या पोराची, चुडामणची गोष्ट सांगायची आहे. पण ती सांगायची तर आधी थोडं माझं सांगावं लागेल.

मी गोऱ्हा होतो तेव्हा अगदी गरीब होतो. मग एका वर्षात काय झालं कोण जाणे! मान जाड झाली, वशिंड वर आलं आणि डोक्यात वारं शिरलं. उगीच माती उकरावी, कुंपणाला धडक द्यावी. दुसरा गोऱ्हा बघत असला की दुप्पट जोरानं द्यावी. सुकलाल म्हणाला, "मस्तीत आला. बडवा याले." गोऱ्ह्याचा वळू होऊ नये म्हणून त्याची अंडं ठेचतात, त्याला बडवणं म्हणतात. मला आडवं पाडून चारी पाय बांधले. पुढचं सांगत नाही. बरा होऊन उभा राहिलो तेव्हा माती उकरावीशी वाटेना, आणि पुढे कधीच वाटली नाही.

माझ्या पाठचा भाऊ मात्र इच्छादेवीच्या नावानं मोकळा सोडला होता. तोही माझ्यासारखाच बिथरला. लोकांनी त्याच्या नावानं बोटं मोडली. पण पुढे तो आपोआप निवला. गल्लीत एखादं पोर रांगत असलं तर हा धिप्पाड गडी थांबायचा, बाजूनं वाट काढून जायचा. त्याला कळत होतं म्हणून तो थांबायचा. मी थांबायचो ते कासरा ओढला म्हणून. तेव्हा मला उमगलं की त्या वयात डोकं नव्यानं बांधलं जात असतं. बांधकाम म्हटलं की धूळ उडणारच.

चुडामणला चौदावं लागलं ते भाषेवरून नवी राज्यं जोडण्याचे दिवस होते. बुऱ्हाणपूर कुठल्या मुलखात राहणार यावर चावडीत म्हातारे हमरीतुमरीवर यायचे. इकडे घरात चुडामणचा आवाज फाटला. सकाळी उठवता उठेना. आईनं, मालूबाईनं, हाक मारली की तो खेकसायचा; मग गोठ्यात येऊन माझ्या मानेला कपाळ लावून रडायचा. का रडतो ते त्याचं त्यालाही ठाऊक नसायचं. एकटा असला की गाडी सुरेख हाकायचा. पण गोटू आणि कडू हे दोस्त मागे बसले की तोच पोरगा पार बदलून जायचा.

त्या वर्षी श्रावणात तापीला पाणी चढलं होतं. शाहपूरच्या बाजाराहून येताना, नदी ओलांडायच्या उतारापाशी चुडामणनं गाडी थांबवली. शहाण्यासारखी थांबवली होती हो! तेवढ्यात गोटू ओरडला, "डरपोक साला! हिंमत हाय तर घाल ना पान्यात!" कडू फिदीफिदी हसला. चुडामणचे कान लाल झाले आणि त्यानं आम्हाला पाण्यात घातलं. मधोमध गाडी कलंडली. पोरं वाचली, मी वाचलो. माझा जोडीदार मोऱ्या जुवाखाली अडकून बुडाला. चुडामणनं त्याचा कासरा सोडला नाही. लोकांनी त्याची बोटं उकलून काढली.

गुन्हा मोठाच होता. मोऱ्या माझा सखा होता, मला काय कमी दुःख झालं? पण सुकलालनं अद्दल घडवायचा जो मार्ग काढला, तो त्याला एकच ठाऊक होता. शाळेतले दिगंबर मास्तर येऊन म्हणाले, "सुकलालभाऊ, शिक्षा करा, पण त्याची शाळा तोडू नका. पोरगा हुशार आहे. वय निघून जाईल, थोडा धीर धरा."

"मास्तर, मेला तो बैल तुमचा नव्हता," सुकलाल म्हणाला. "गोऱ्हा मस्तीत आला तर काय करतो आपन? पोऱ्याचंबी तेच."

"आवो, लेकरू हाय ते, जनावर नाही!" मालूबाईनं हंबरडा फोडला.

त्यानं ऐकलं नाही. पोराला मोऱ्याच्या रिकाम्या जागी, माझ्या शेजारी दाव्यानं बांधलं आणि चाबकानं फोडून काढलं. आधी चुडामण शिव्या देत होता. मग गयावया करू लागला. मग नुसता माझ्याकडे बघत राहिला. अंगावरचे वळ भरायच्या आत त्याला डोईफोडिया गावी, एका लाकडाच्या ठेकेदाराकडे पाठवलं. वांड पोरांना सरळ करण्यात त्या माणसाची ख्याती होती. दोन वर्षं पोराला घरी येऊ दिलं नाही.

चुडामण परत आला तेव्हा चावडीत सुकलालचं कौतुक झालं. "पोऱ्या कसा गाय झाला! बापानं वळन लावलं!" तो उलट बोलत नव्हता, उशिरा उठत नव्हता, गोटूच्या वाटेला जात नव्हता. मास्तरांनी विचारलं, "शाळेत येतोस का रे?" त्यानं आधी बापाच्या तोंडाकडे पाहिलं. मग म्हणाला, "तुमी म्हनाल तसं." गोठ्यात येऊन मला वैरण टाकी, पण मानेला हात लावत नसे. मी तो डोळा ओळखला, मित्रांनो. पाण्यात बघितलं की मला तो रोज दिसायचा.

एका दुपारी अंगणात मालूबाईनं त्याच्या ताटात मुद्दाम करपलेली भाकर वाढली, वर भाजीत मूठभर मीठ ओतलं. तो मुकाट्यानं खात राहिला. ती पाहत होती. अखेर तिनं ताट ओढून घेतलं आणि त्याचे खांदे धरून गदागदा हलवले.

"चिड ना रे माह्यावर! एकदा तरी चिड!"

"तू म्हनशीन तसं, माय," चुडामण म्हणाला.

मित्रांनो, तुमच्या घरात कुणाला असं वारं लागलं तर त्याला रागवा, आवरा, पाण्यापासून ओढून काढा. पण त्याला बडवू नका. मला बडवलं तेव्हा सुकलालला निदान कामाचा बैल तरी मिळाला. चुडामणला बडवून त्या माउलीला काय मिळालं, ते तिला जाऊन विचारा.