भंडाऱ्यातला पैसा

बारामतीत माझं नाण्यांचं छोटं दुकान आहे. लोक मला नाणेवाल्या संजीवनीबाई म्हणतात, आणि बाई फार खडूस आहे असंही म्हणतात. त्याला कारण आहे. रोज कुणीतरी मोबाईल नाचवत येतं: माझ्याकडे देवीचं चित्र असलेलं पाच रुपयांचं नाणं आहे, दहा लाख द्या. मी म्हणते, त्याचे पाच रुपये येतील, समोर जाऊन चहा प्या. पाच रुपयांत आता चहाही मिळत नाही, हे मला ऐकवून ते निघून जातात.

म्हणून दीपकने एका पैशाचा फोटो पाठवला तेव्हा मी तो आधी उघडलाच नाही. दीपक मूळचा अंथुर्ण्याचा, नोकरीला पुण्यात. थोरल्या भावाशी वाटणी चालली होती आणि देवघरातल्या जुन्या पैशाची किंमत काढून हवी होती. दुपारी जेवून डोळे जड झाले असताना मी फोटो उघडला, आणि झोप कुठल्या कुठे पळाली.

ती शिवराई होती. शिवराई म्हणजे महाराजांच्या नावाचा तांब्याचा पैसा. तो पुढे कितीतरी वर्षं पाडला जात होता, त्यामुळे साधा पैसा चारपाचशेला मिळतो. पण ठसा वेगळा निघाला की गोष्ट बदलते. ह्या पैशाच्या कडेला दाण्यांचं वर्तुळ एकेरी नव्हतं, दुहेरी होतं. असा ठसा मी आयुष्यात एकदाच पाहिला होता, तोही काचेआड. आणि त्याचा रंग! पिकल्या जांभळासारखा काळसर, खोलगट जागी हिरवट, मधूनच हळदीची पिवळी धूळ. तांब्यावर दोनअडीचशे वर्षांत अशी साय धरते. तिला कुणाचा हात लागलेला नसला तरच ग्राहक आपण मागू ती किंमत देतो. दीपकने फोटोखाली लिहिलं होतं, हा पैसा खंडोबाच्या भंडाऱ्याच्या डबीत, हळदीत पुरलेला राहिला होता. भंडाऱ्यातला पैसा धूत नाहीत, अशी त्या घराची रीतच होती.

मी कळवलं, फोटोवरून दीड लाख वाटतात, डोळ्यांनी बघून नक्की सांगेन.

त्या दुपारी मी दुकानातच पेंगले. स्वप्नात कालव्याच्या कडेने चालत होते, आणि दोन्ही तीरांना गवताऐवजी तांबडे दाणे ओळीने लागले होते. कुठूनतरी हळदीचा वास येत होता. मी चालत राहिले आणि कालवा वळत वळत पुन्हा जिथून निघाले तिथेच आला. जाग आली तेव्हा मला इतकं बरं वाटत होतं की नवऱ्याशीही मी गोड बोलले. तो घाबरला.

रविवारी दीपक गाडी घेऊन न्यायला आला. इंदापूर रस्त्याला उसाच्या ट्रॉल्यांची रांग लागली होती, आम्ही त्यांच्या मागे रांगत होतो. उसाला तुरे आले होते, ऊन पांढरं पडलं होतं, आणि साखर कारखान्याचा गोडसर उग्र वास काच लावली तरी आत येत होता. सगळं जग अर्धवट झोपेत असल्यासारखं दिसत होतं. दीपक बोलत होता. रान वाटून झालं, विहिरीच्या पाण्याच्या पाळ्या ठरल्या, गाई वाटल्या. राहिला फक्त हा पैसा.

"देव थोरल्याकडं असतो, ते मला मान्य आहे मॅडम," तो म्हणाला. "पण लाखाची वस्तू म्हटल्यावर निम्मा हिस्सा माझा. दादाकडं एवढी रोकड न्हाय. मग विकायचं ठरलं. दादा व्हय म्हणाला."

"आणि घरातले बाकीचे?"

"वहिनीला कुणी विचारलं न्हाय," तो सहज म्हणाला.

उसाच्या कडेला नवं स्लॅबचं घर होतं. थोरल्या भावाने, हिंदुरावांनी, ओसरीवर सतरंजी टाकली. त्यांची बायको, जयवंतावहिनी, पाण्याचा तांब्या ठेवून दाराशी उभ्या राहिल्या. डोळे सुजलेले दिसत होते. मी भिंग काढलं, मऊ कापड अंथरलं.

वहिनींनी आतून ताम्हण आणलं. त्यात झेंडूची दोन फुलं, आणि मध्ये पैसा.

तो लखलखत होता. गुलाबी, नवा कोरा, कालच भांड्यांच्या दुकानातून आणलेला असावा तसा. साय गेली होती, हिरवं गेलं होतं. भिंगाखाली दाण्यांच्या दोन्ही ओळी बोथट झालेल्या दिसल्या, आणि चिंचेचा आंबूस वास नाकात शिरला.

"हे कुणी केलं?" मी ओरडलेच. "कुणी सांगितलं होतं घासायला? अडीचशे वर्षं जपलेलं एका सकाळीत घालवलंत!"

"म्या न्हाऊ घातलं," वहिनी म्हणाल्या. त्यांना माझा राग कळेना. "चिच आन राखंनं. आज जायाचा व्हता ना ह्यो. घरातनं कायमचं जाणारं मानूस तसंच पाठवत्यात व्हय बाई? लेक सासरी धाडताना बी न्हाऊमाखू घालून धाडतो आपुन."

लांब कुठेतरी ट्रॅक्टर गाणी वाजवत चालला होता.

"लगीन हून ह्या घरात आले तवा सासूनं पयला हाच हातावर ठिवला," त्या खाली बघत म्हणाल्या. "म्हनली, ह्यो तुजा. दर चंपाषष्ठीला डबी म्याच उघडते. दुसऱ्या कुनी कवा हात लावला न्हाय."

"वहिनी, काय करून बसलात हे!" दीपकने कपाळाला हात लावला. मग माझ्याकडे वळला. "मॅडम, कमी धरलं तरी किती?"

मी पुन्हा भिंग लावलं. मनात त्या गेलेल्या रंगासाठी रडू येत होतं, पण किंमत ही किंमत असते, ती मी कुणासाठी वाढवत नाही आणि कुणासाठी पाडत नाही. वर्तुळ दुहेरी आहे म्हणून कुणी हौशी माणूस घेईल. पण घासलेलं नाणं जाणता ग्राहक हातात धरत नाही.

"दोन हजार," मी म्हणाले. "तेही कुणी भेटलं तर."

हिंदुराव उठले, आत गेले आणि पाचशेच्या दोन नोटा घेऊन आले. त्यांनी त्या धाकट्यासमोर धरल्या. दीपक नोटांकडे बघत राहिला, मग त्याने भावाचा हात धरून मुठीसकट मागे सारला आणि गाडीची किल्ली शोधत बाहेर गेला. हिंदुराव त्याच्या मागोमाग गेले.

मी कापड आवरत होते. जयवंतावहिनी जवळ येऊन बसल्या.

"म्हंजी आता ह्यो कुटं जानार न्हाय?"

"नाही. कोण नेणार?"

त्यांनी पैसा उचलून मुठीत घेतला. चेहऱ्यावर हसू होतं की रडू ते त्यांनाही ठरवता येत नसावं. मग दाराकडे एकदा बघून त्या माझ्या कानाशी आल्या.

"बाई, तुमाला म्हनून सांगते. धुतल्यानं किंमत जाती ह्ये मला ठावं न्हवतं. पर ठावं असतं, तरी म्या धुतलाच असता."

परतताना ऊन उतरलं होतं आणि उसाच्या तुऱ्यांवर फिकट सोनेरी धूळ बसली होती. कारखाना मागे पडल्यावर दीपकने विचारलं, "वहिनी काय म्हणत होती तुम्हाला?"

"काही नाही," मी म्हणाले. "रंग परत यायला किती वर्षं लागतात, ते विचारत होत्या."