पापड दुकानचे

क्षमा गनोरकर नोकरीला लागल्या, तर पराग बोकाडेचा फायदा दुहेरी होता. त्याच्या सॉफ्टवेअर कंपनीचा नियम असा, की बाहेरच्या धंद्यातला एक तरी माणूस प्रोग्रामिंग शिकवून तयार केला आणि तो कामावर घेतला गेला, तर शिकवणाऱ्याला टीम लीड करायचं. हा झाला उघड फायदा. दुसरा कंपनीच्या नियमांत बसणारा नव्हता. सातवी ब मध्ये नक्कल करताना पकडून ह्याच बाईंनी त्याला फळ्याखाली मुर्गा केलं होतं, कान धरून, तास संपेपर्यंत. आता त्यांच्या तोंडून चारचौघांत 'सर' ऐकायचं होतं. लीड होण्यापेक्षा ह्याचीच ओढ त्याला जास्त.

"हे सगळं हातानं लिहायची गरज नाही, मॅडम," पराग म्हणाला. "कोणीतरी आधीच लिहून ठेवलेलं असते. शोधायचं अन् घ्यायचं."

"घ्यायचं म्हंजे? दुसऱ्याचं?"

"हव."

"त्याले आम्ही नक्कल म्हणत होतो, पराग."

"पराग सर."

"हव, पराग."

मागे बसलेला भार्गव फिस्सकन हसला. तेलीबांध्याच्या तलावासमोर, दुसऱ्या मजल्यावरच्या ह्या शनिवारच्या वर्गात आता हे दोघंच उरले होते. बाकीचे आपापल्या जुन्या धंद्यांकडे परत गेले होते. तिथं निदान रडणं ओळखीचं होतं.

भार्गवचं आडनाव मुळे. सदर बाजारात एका कापडाच्या दुकानात तो थान, म्हणजे कापडाचे तागे, उलगडायचा. वय छत्तीस. घरी आई मराठीत बोलायची, हा हिंदीत उत्तर द्यायचा, आणि तीच सवय त्यानं इथंही आणली होती.

"मॅडम," पराग चिडून म्हणाला, "पंगतीत पापड दुकानचे वाढले, तर जेवण खोटं होते काय?"

"नाही होत. पण घरचे म्हणून वाढले तर होते. दुकानचे आहेत म्हणून सांगा लागते."

"दीदी, हमारे यहां तो सूरत का माल बनारसी बोल के बिकता है," भार्गव म्हणाला.

"म्हणूनच तुले इथं यायची पाळी आली."

"मेरी छोड़ो, दीदी. सेठ ने बोल दिया है, इस बार नौकरी नहीं लगी, तो फिर शनिवार की छुट्टी मांगना मत. मरते दम तक थान उठाना." तो हसला. "आपको क्यों निकाला, वो बताओ."

क्षमाबाईंनी ते सांगितलं नाही. बुढापारा भागातल्या शाळेत त्यांनी वीस वर्षं गणित शिकवलं होतं. मग एका पूर्वपरीक्षेत ट्रस्टींच्या नातवाच्या मोज्यातून चिठ्ठी काढली, आणि ती सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचून दाखवली. नातू पुढच्या वर्गात गेला, बाई घरी गेल्या. घरी कोणी त्यांना वाईट म्हटलं नाही. फक्त नवरा जेवताना एकदा म्हणाला, "बोलली नसती तर चाललं असतं." ते वाक्य अजून त्यांच्या ताटात वाढलेलंच होतं.

परीक्षेचं काम ठरलं: दुकानाच्या पावत्यांचा प्रोग्राम करायचा. जागा एकच. परागनं दोघांनाही आपल्या जुन्या प्रोग्रामचा एक तुकडा नमुना म्हणून दिला. विकलेला माल परत आला तर पावतीतून कसा वजा करायचा, त्याच्या सात ओळी. नमुना वापरायला कंपनीची ना नव्हती, फक्त ज्याचा आहे त्याचं नाव ठेवायचं. पण पराग दारापाशी येऊन हळूच म्हणाला, "माझं नाव काढून टाका दोघंबी. नाहीतर वरचे म्हणतील, हाच लिहून देऊन राहिला."

त्या सात ओळी क्षमाबाईंच्या डोक्यात शिरेनात. परागला विचारायचं, तर तो विचारण्याचीच वाट बघत बसला होता. शेवटी जिन्यात भार्गवनंच त्यांना थांबवलं.

"दीदी, ग्राहक तीन पीस ले गया. एक वापस लाया, घरवाली को रंग पसंद नहीं आया. आप क्या करोगी? पूरी पर्ची फाड़ोगी?"

"काहून फाडीन? एकच कापीन."

"बस. ये सात लाइनें वही कर रही हैं. पर्ची नहीं फाड़ रहीं."

बाई दोन पायऱ्या उतरल्या, थांबल्या. "एवढंच? मग त्या गधड्याले असं सांगाले काय झालं होतं?"

"गधे ने थान नहीं उठाए न, दीदी."

परीक्षा घ्यायला कंपनीच्या चेतना मॅडम आल्या. कोणाशी फार बोलणाऱ्या नव्हत्या. टेबलाच्या एका अंगाला पराग बसला, समोर हे दोघं. मॅडमनी आधी क्षमाबाईंचा प्रोग्राम उघडला. तो ओबडधोबड होता, पण चालत होता. मध्येच त्या थबकल्या.

"'यहां से सात लाइनें पराग बोकाडे की हैं.' ये किसने लिखा?"

"मैंने," बाई म्हणाल्या.

परागनं पाण्याची बाटली उचलली आणि न पिता खाली ठेवली.

"अच्छा किया. नियम यही है. अब समझाइए, ये लाइनें करती क्या हैं?"

क्षमाबाई सावरून बसल्या. वर्गात बसायच्या तशा. "समझिए, ग्राहक तीन पीस ले गया. एक वापस लाया, घरवाली को रंग पसंद नहीं आया. तो क्या पूरी पर्ची फाड़ेंगे?"

चेतना मॅडम पहिल्यांदा हसल्या. "बढ़िया. इससे आसान उदाहरण नहीं सुना."

भार्गवही हसला. कौतुकानं. पोरगी आपण शिकवलेली कविता पाहुण्यांसमोर म्हणते, तेव्हा बाप हसतो तसा.

मग त्याचा प्रोग्राम उघडला. क्षमाबाईंच्यापेक्षा सुबक, वेगवान. त्यातही त्याच सात ओळी. वर कोणाचंच नाव नाही.

"ये आपने लिखी हैं?"

भार्गवनं परागकडे पाहिलं.

"मी... मैंने नमूना दोनों को दिया था," पराग म्हणाला. "नाम इसने क्यों हटाया, मुझे नहीं मालूम."

"ठीक है. समझाइए तो सही," चेतना मॅडम म्हणाल्या.

भार्गवनं सुरुवात केली. दुसरी कुठली करणार? त्याला तीच येत होती, त्याचीच होती. "मैडम, ग्राहक तीन पीस ले गया..."

चेतना मॅडमनी हात वर केला. "ये तो इनका उदाहरण है. अभी सुना मैंने. भैया, लाइनें भी दूसरे की, समझ भी दूसरे की?"

वीस वर्षं परीक्षेत फेऱ्या मारून क्षमाबाईंना एक गोष्ट पक्की ठाऊक झाली होती. नक्कल केलेलं पोरगं खाली, पेपरात बघतं. न केलेलं मान वर करून बाईंकडे बघतं.

भार्गव त्यांच्याकडे बघत होता.

क्षमाबाईंनी खाली पाहिलं. टेबलावर कागद होता, त्यावर काही लिहिलेलं नव्हतं, तोच त्या वाचत राहिल्या.

भार्गव उठला. "हव, मैडम," एवढंच म्हणाला, आणि पिशवी खांद्याला लावून निघून गेला.

सगळे गेल्यावर बाई परागवर तुटून पडल्या. "काढाले तूच सांगितलं होतं नाव. काहून खोटं बोलला? अक्कल तेव्हाबी नव्हती, आताबी नाही."

"मले लाज नाही, हे तुम्हाले सातवीपासून माहीत आहे," पराग म्हणाला. "तुम्ही काहून नाही बोलल्या?"

बाईंनी टेबलावरचा तो कोरा कागद घडी करून पर्समध्ये ठेवला.

"सोमवारी दहाले या," तो म्हणाला.

"हव, सर."

इतक्या वर्षांची उधारी वसूल झाली, आणि ऐकायला खोलीत तिसरं कोणी नव्हतं. परागनं दिवे मालवले.

पुढं सगळं रीतसर झालं. पराग लीड झाला. क्षमाबाईंना टेबल मिळालं, गळ्यात ओळखपत्र आलं, नवऱ्याचं ते वाक्य ताटातून गेलं. चेतना मॅडमना उदाहरण मिळालं. प्रत्येक नव्या तुकडीला त्या ते सांगतात, 'गनोरकर मैडम का' असं नाव घेऊन. पापड दुकानचे आहेत हे बाईंनी इमानानं लिहिलं होतं. तळायला कोणी शिकवलं, ते लिहायचं राहिलं.

दिवाळीच्या आधी त्या सदर बाजारात गेल्या. तीन दुकानं ओलांडून मुद्दाम त्याच्याच दुकानात चढल्या. काय बोलायचं ते वाटेत ठरवलं होतं.

"आइए, मैडम," भार्गव म्हणाला. दीदी नव्हे. "क्या दिखाऊं?"

"भार्गव, मी..."

"सूट का कपड़ा? ऑफिस के लिए?" त्यानं थान काउंटरवर आपटून उलगडलं, लोखंडी मीटरवर सरासर मापलं, वर चार बोटं जास्तीचं सोडलं. शेजारचा ग्राहक घाई करत होता, गल्ल्यावरून सेठ बघत होता. भार्गवनं कात्री लावली आणि थांबला.

"कटने के बाद वापस नहीं होगा, मैडम. सोच के बोलिए."

क्षमाबाईंनी मान वर केली. तो खाली, कापडाकडे बघत होता.

"काटो," त्या म्हणाल्या.