बाबांकडून आलेली गाठ

ताई शिवणकाम करायची. तिच्या मानेवर तिशीत काढलेल्या गाठीचा व्रण होता. तशीच गाठ तिच्या बाबांनाही झाली होती. म्हणून ती मुलाला दर आठवड्याला समोर बसवून त्याच्या जबड्याखाली बोटं फिरवायची. पंचविशीचा झाला तरी तो निमूट मान पुढे करी. धाकट्या भावाला काहीच झालं नव्हतं, त्यामुळे त्याच्या मुलीची काळजी कुणाच्या डोक्यातही आली नाही.

यंदा ताईच्या डॉक्टरीणबाईंनी घरातल्या सगळ्यांचं रक्त तपासायला लावलं. भाऊ, त्याची मुलगी आणि ताईचा मुलगा, तिघांतही ताईमधला तोच बिघडलेला जीन निघाला.

बाईंनी सावकाश समजावलं. काही जीन आईचे की बापाचे, याची खूण शरीर जपून ठेवतं. हा जीन आईकडून आला तर सहसा गप्प बसतो. बापाकडून आला तर गाठ होऊ शकते. म्हणजे ताईच्या मुलाला जवळजवळ धोका नव्हता. भाऊ आणि भाचीचं स्कॅन मात्र लगेच करायला हवं होतं.

ताईला हसू फुटलं, आणि तेवढ्यात शेजारी बसलेल्या भावाचा चेहरा तिला दिसला.

भावाचं स्कॅन साफ निघालं, भाचीच्या मानेत मात्र लहानशी गाठ सापडली. चार दिवस ताईला फोन करायचा धीर झाला नाही. पाचव्या दिवशी ती भावाच्या घरी गेली. तो भांडी घासत होता.

"त्या दिवशी मी हसले रे," ती म्हणाली.

"दिसलं मला. वीस वर्षं जीव टांगणीला होता तुझा, हसणार नाहीस तर काय?" त्यानं नळ बंद केला. "मी मात्र पोरीची मान एकदाही बघितली नाही, ताई."

"कुणाला माहीत होतं?" ताई म्हणाली.

मग ती भाचीजवळ बसली. शस्त्रक्रियेनंतर आवाज किती दिवस बसतो, गिळताना कुठे दुखतं, काही न लपवता तिनं सांगितलं. भाचीनं विचारलं, "आत्या, तू घाबरली होतीस?" ताई म्हणाली, "खूप."

शस्त्रक्रिया नीट पार पडली.

ताईचा मुलगा मग एकटाच डॉक्टरीणबाईंना भेटून आला. तो बाप झाला की जीन त्याच्या मुलांना बापाकडूनच मिळणार, हे त्याच्या लक्षात आलं होतं. होणाऱ्या बायकोला त्यानं त्याच संध्याकाळी सगळं सांगितलं. तिनं विचारलं, "गाठ लवकर सापडली तर बरी होते ना?"

"होते."

लग्नाची तारीख बदलली नाही.